खाटेपाशी थोरले भावंड: नांदेड-लातूरच्या दवाखान्यांतील सोबतीचा इतिहास

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत दवाखान्यात भरती झालेला रुग्ण सहसा एकटा नसतो. त्याच्यापाशी घरातले कोणीतरी थांबते. ही सोबत कोणा डॉक्टरच्या सांगण्यावरून सुरू झालेली नाही, पण तिच्यावाचून सरकारी वॉर्डाचा एक दिवसही निभत नाही. रुग्ण म्हातारा असला तर मुलगा किंवा सून, बाळंतीण असली तर तिची आई, तान्हे असले तर त्याचीच आई, अशी वाटणी घराघरांत न बोलता ठरलेली असते. रुग्ण पंधरा-सोळा वर्षांचा असला आणि दुखणे लांबणारे असले की हे काम बहुधा थोरल्या भावाकडे किंवा बहिणीकडे येते. बाप पैशांच्या मागे गावोगाव फिरत असतो. आई धाकट्या लेकरांत आणि जनावरांत अडकलेली असते. शिवाय केसपेपर, रिपोर्ट आणि औषधांची चिठ्ठी वाचता येणारे घरातले पहिले माणूस पुष्कळदा हे थोरले भावंडच असते.

दवाखाने येण्यापूर्वी दुखणेकऱ्याची उस्तवार घरातच होई. वैदू, हकीम, देवऋषी हे सगळे दारात येत किंवा त्यांच्याकडे माणूस धाडून औषध आणले जाई. पोराला ताप भरला की रात्री कपाळावर ओल्या फडक्याची घडी ठेवायची, काढा उकळायचा आणि पथ्याची पेज करायची. ही कामे घरातल्या मोठ्या मुलीच्या अंगवळणी लहानपणीच पडत. चालता न येणाऱ्याला बाजेवर घालून चौघे खांदा देत, नाहीतर बैलगाडीत कडबा पसरून त्यावर निजवत. त्या चौघांत भाऊ आणि चुलतभाऊ असायचेच.

हा सारा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. हैदराबादेत १८४६ मध्ये वैद्यकीय शाळा सुरू झाली. तिथे उर्दूतून शिक्षण घेतलेले डॉक्टर पुढे जिल्ह्यांच्या दवाखान्यांत नेमले जाऊ लागले. संस्थानाने युनानी दवाखान्यांनाही आश्रय दिला होता, त्यामुळे मराठवाड्यातल्या माणसाला हकीम आणि डॉक्टर यांच्यात निवड करण्याची सवय फार जुनी आहे. पण हे दवाखाने जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या गावी असत. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातली एक भरभराटीची बाजारपेठ होती. स्वतंत्र जिल्हा ते १९८२ मध्ये झाले. गंभीर दुखण्यावर इलाज हवा असेल तर प्रवास अटळ होता आणि प्रवास म्हटला की सोबत आलीच.

या प्रवासाच्या दिशा रेल्वेने ठरवल्या. मनमाड ते सिकंदराबाद ही मीटरगेज वाट १९०० च्या सुमारास सुरू झाली आणि नांदेडचे रुग्ण हैदराबादकडे वळले. १९०८ च्या मुसी नदीच्या पुरानंतर तिथे नव्याने उभारलेले उस्मानिया रुग्णालय पुढची कित्येक दशके त्यांचे शेवटचे ठिकाण होते. नांदेड, बिलोली, देगलूर या भागांतली माणसे आजही अवघड दुखण्यासाठी मुंबईआधी हैदराबादचा विचार करतात, तो या जुन्या वाटेमुळे. लातूरला बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी १९११ मध्ये पोचली आणि १९२७ मध्ये तोच मार्ग मिरजेपर्यंत गेला. मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांचे मिशन रुग्णालय १८९४ पासून चालू होते आणि शस्त्रक्रियेसाठी त्याचे नाव दूरवर पसरले होते. गाडी वाटेत पंढरपूरवरून जाई. मिरजेला निघालेल्या घरांना विठ्ठलाचे दर्शन आणि दवाखाना एकाच तिकिटाच्या वाटेवर सापडे. नवसाचा आणि ऑपरेशनचा हिशेब एकत्र घालण्याची ही सोय काही लहान नव्हती.

दूरच्या दवाखान्यात जाताना घर बरोबर न्यावे लागे. पीठ, तिखट, तेल, तवा, अंथरूण हे सारे बोचक्यात. जातीपातीच्या सोवळ्या-ओवळ्यामुळे रुग्णालयाचे अन्न पुष्कळांना चालत नसे, म्हणून आवाराच्या कडेला तीन दगडांची चूल मांडून भाकरी भाजली जाई. दवाखाना म्हणजे मरायला जायची जागा ही भीतीही होती. १८९७ च्या प्लेगात पुण्यासारख्या शहरांत घरच्यांना दूर करून रुग्णांना उचलून नेले गेले, त्याच्या कहाण्यांनी ती वाढवली असणार. आपले माणूस नजरेआड होऊ द्यायचे नाही, हा हट्ट तेव्हापासून सोबतीच्या मुळाशी आहे. शिकल्या-सवरल्या डॉक्टरांना हा हट्ट अडाणीपणाचा वाटत आला. तो तेवढा सोपा नाही.

स्वातंत्र्यानंतर मोठी रुग्णालये मराठवाड्याच्या जवळ येत गेली, पण संथपणे. औरंगाबादचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ मध्ये निघाले. त्याचे रुग्णालय सगळीकडे ‘घाटी’ म्हणूनच ओळखले जाते. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सत्तरच्या दशकात आले आणि लातूरच्या खेड्यांना पहिल्यांदा एसटीच्या एका टप्प्यात मोठा दवाखाना मिळाला. लातूर शहरात डॉ. अशोक कुकडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये विवेकानंद रुग्णालय सुरू केले. पुण्यात शिकलेल्या तरुण डॉक्टरांनी आडवळणाच्या गावी येऊन उभारलेली ही संस्था पुढे शेजारच्या जिल्ह्यांचाही आधार झाली. डॉ. कुकडे यांना २०१९ मध्ये पद्मभूषण मिळाले. नांदेडचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८८ चे आणि लातूरचे २००२ चे. पहिले शंकरराव चव्हाण यांच्या आणि दुसरे विलासराव देशमुख यांच्या नावाने आज ओळखले जाते. दोन्ही जिल्ह्यांनी राज्याला मुख्यमंत्री दिल्यानंतरच ती आली, हे नोंदवायला हरकत नाही.

इमारती झाल्या, खाटा वाढल्या, पण खाटेपाशी बसणाऱ्याचे काम काही कमी झाले नाही. अध्यापन रुग्णालयात तीन खाटांमागे एक परिचारिका असावी, असा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे. वॉर्डात एका पाळीला दोन सिस्टर आणि चाळीस-पन्नास रुग्ण हे चित्र मात्र सरकारी दवाखान्यात कोणालाही नवे नाही. मधली सगळी तूट नातेवाईक भरून काढतात. सलाईनची बाटली संपत आली की सिस्टरला हाक मारायची. रक्ताचा नमुना हातात घेऊन प्रयोगशाळा शोधायची, संध्याकाळी रिपोर्ट आणायचा. स्ट्रेचर मिळाले तर ते ढकलायचे, नाही मिळाले तर भावाला पाठुंगळी मारून एक्स-रेला न्यायचे. वॉर्डातल्या मामा-मावशींशी गोडीने राहायचे, कारण चादर बदलायची वेळ त्यांच्याच हातात असते. रात्री खाटेखाली सतरंजी टाकायची आणि एक हात वर खाटेच्या दांडीवर ठेवून झोपायचे, म्हणजे पेशंट हलला की जाग येते. उशाला कॅरीबॅग असते. तिच्यात केसपेपर, आधार कार्डाच्या झेरॉक्स, रेशन कार्ड आणि औषधांच्या पावत्या. ही पिशवी कोणाच्याही ताब्यात दिली जात नाही.

किशोरवयीन रुग्णाची एक खास अडचण या इमारतींनी निर्माण केली. सरकारी रुग्णालयांत बालरोग विभागाची मर्यादा वर्षानुवर्षे बारा वर्षांची धरली गेली. तेरावे लागले की मुलगा पुरुषांच्या आणि मुलगी स्त्रियांच्या वॉर्डात. बालरोगतज्ज्ञांची अखिल भारतीय संघटना अठरा वर्षांपर्यंतचे वय आपल्या कक्षेत धरते, पण खाटांची मांडणी तिच्या ठरावांनी बदलत नाही. आठवीतले पोर मग एका बाजूला दारूने यकृत गेलेला आणि दुसऱ्या बाजूला कीटकनाशक प्यालेला, अशा दोन मोठ्या माणसांच्या मध्ये पडून राहते. बालरोग वॉर्डात आई रात्री मुलाजवळ राहू शकते. पुरुषांच्या वॉर्डात रात्री बायकांनी थांबणे सहसा चालत नाही, त्यामुळे रात्रपाळी आपसूक भावाची होते. मुलगी आजारी असली आणि थांबायला भाऊच असला तर तो दिवसभर स्टुलावर बसतो आणि रात्री व्हरांड्यात पथारी टाकतो. बहिणीने पाणी मागितले तर शेजारच्या खाटेवरची मावशी दाराशी येऊन त्याला हाक मारते. वॉर्डातली अनोळखी बाई अशी दोन दिवसांत अक्का होते, आणि डिस्चार्जच्या दिवशी फोन नंबर लिहून घेतले जातात.

रक्ताची गोष्ट वेगळी सांगायला हवी. रक्ताच्या बाटलीच्या बदल्यात घरच्यांनी रक्त द्यायचे, ही पद्धत दवाखान्यांत दीर्घकाळ रूढ होती. ज्यांच्याकडे देणारा नसे ते पैसे देऊन रक्त विकत घेत. रक्त विकून पोट भरणारी माणसे मोठ्या शहरांच्या रुग्णालयांबाहेर सापडत. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या निकालात हा धंदा थांबवण्याचा आदेश दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देण्यावर बंदी आली. निर्णय योग्यच होता, पण त्याचा पहिला भार घरच्यांवर पडला. रक्तदात्याचे वय किमान अठरा आणि वजन किमान ४५ किलो लागते. पंचेचाळीस किलो गाठताना दमछाक होणाऱ्या शेतमजुराच्या घरात नुकता अठराचा झालेला भाऊच तेवढा निकषात बसे. गावातून जीप भरून पोरे आणायची, गणेश मंडळाच्या कार्यकर्त्यांना फोन करायचा, कॉलेजच्या एनएसएसच्या सरांना गाठायचे ही धावपळही त्याचीच. पुढे रक्तदान शिबिरे वाढली आणि ही ओढाताण पुष्कळ सैल झाली.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारी आणि परिसर भूकंपाने हादरला. गणपती विसर्जनाची रात्र उलटून माणसे नुकती झोपली होती. दगड-मातीची जड धाब्याची घरे अंगावर कोसळली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली बावन्न गावे जमीनदोस्त झाली आणि मृतांचा आकडा आठ-दहा हजारांच्या घरात गेला. हजारो जखमी लातूर, उमरगा, सोलापूर इथल्या रुग्णालयांत पोचले. सोबतीची सारी व्यवस्था कुटुंब शाबूत आहे असे गृहीत धरून उभी असते. इथे ते गृहीतच ढासळले. मोडलेल्या हाडांच्या मुलांपाशी थांबायला कित्येकदा दुसरे जखमी भावंडच होते, आणि आईबाप गेल्याचे धाकट्याला सांगायचे की नाही हा निर्णय त्या पोरवयाच्या मुलांना घ्यावा लागला. महाविद्यालयांचे विद्यार्थी, स्वयंसेवक, परगावची अनोळखी माणसे वॉर्डात येऊन बसली. भूकंपग्रस्त घरांतली सुमारे बाराशे मुले शिक्षणासाठी पुण्याला नेण्याचे काम शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने केले. रुग्णालयातल्या सोबतीचा भार समाजाने घराबाहेर एवढ्या मोठ्या प्रमाणावर उचलल्याचे दुसरे उदाहरण या भागात नाही.

त्याच काळात आणखी एक बदल झाला आणि तो दवाखान्यांशी जोडला जात नाही. नांदेडला पीपल्स कॉलेज १९५० मध्ये आणि लातूरला दयानंद महाविद्यालय १९६१ मध्ये सुरू झाले होते. राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० चे. पुढे अभ्यासाच्या ‘लातूर पॅटर्न’चे नाव झाले आणि खेड्यापाड्यांतली मुले अकरावी-बारावीसाठी या दोन शहरांत खोली करून राहू लागली. खेड्यातल्या घराला शहरात पहिल्यांदा स्वतःचा ठिकाणा मिळाला, तो या दहा बाय दहाच्या रूमच्या रूपाने. गावाकडे धाकटे आजारी पडले की याच रूमवर फोन जाई. बारावीच्या पुस्तकांच्या बाजूला स्टोव्हवर मऊ खिचडी शिजे आणि डबा घेऊन भाऊ सायकलवर दवाखान्याकडे निघे. डॉक्टर काय म्हणाले ते समजून घेऊन गावाकडे कळवणारा हा विद्यार्थी घरातला नवा कारभारी झाला. किंमतही त्यानेच मोजली. बोर्डाच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये होतात आणि दुखणे परीक्षेचे वेळापत्रक पाहून येत नाही. भावंडाच्या आजारपणात वर्ष गेलेली मुले या दोन शहरांच्या प्रत्येक खानावळीत भेटतात, त्यांची मोजदाद मात्र कुठल्या खात्यात होत नाही. मुलींच्या बाबतीत तर वर्ष गेल्यावर शाळाच सुटते.

दुखण्यांचे स्वरूपही पालटले. जुन्या पिढीत क्षय, विषमज्वर, सर्पदंश ही पोरांची मोठी दुखणी होती. संधिवाताच्या तापाने हृदयाच्या झडपा निकामी होणे हे गरीब वस्तीतल्या मुलांच्या पाचवीला पुजलेले. त्यासाठी दर तीन आठवड्यांनी पेनिसिलीनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे घ्यावे लागते आणि धाकट्याला धरून न्यायचे काम थोरलीकडे असते. आता रक्ताचा कर्करोग, मूत्रपिंड निकामी होणे यांची निदाने होतात आणि उपचारही मिळतात. लिम्फोब्लास्टिक प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगाचा इलाज दोन-अडीच वर्षे चालतो. एवढा काळ दवाखान्याच्या फेऱ्या करायच्या म्हणजे घराची विभागणी होते: एक भावंड रुग्णाबरोबर, लहानगी मामाच्या गावी.

कर्करोगासाठी लातूरकडच्या माणसाला सर्वांत जवळचा आधार बार्शीचा होता. डॉ. भगवान नेने यांच्या पुढाकाराने १९८२ मध्ये उभे राहिलेले नर्गिस दत्त स्मारक रुग्णालय ग्रामीण भागातले म्हणून वेगळे ठरले. बार्शीतच १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. औरंगाबादला शासकीय कर्करोग रुग्णालय २०१२ मध्ये आले. तरी मुंबईच्या ‘टाटा’चे नाव वेगळेच. १९४१ मध्ये परळला उघडलेल्या या रुग्णालयात मराठवाड्यातून जाणारे पेशंट नांदेडहून देवगिरी किंवा नंदीग्रामने आणि लातूरहून लातूर एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करून सकाळी उतरतात. मुंबईत राहायचे कुठे, हा उपचाराहून अवघड प्रश्न. त्याला उत्तर म्हणून १९६८ पासून परळची नाना पालकर स्मृती समिती आहे, दादरला गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा आहे आणि २००६ पासून लहान मुलांसाठी सेंट ज्यूडची केंद्रे आहेत. जागा न मिळालेली घरे रुग्णालयाबाहेरच्या फूटपाथवर दिवस काढतात.

याच रुग्णालयात मार्च १९८३ मध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी भारतातले पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले. रुग्ण नऊ वर्षांची मुलगी होती आणि मज्जा दिली होती तिच्या भावाने. सख्ख्या भावंडाशी ऊतींचा पूर्ण मेळ बसण्याची शक्यता चारांत एक असते. आईबापांशी तो सहसा अर्धाच जुळतो. खाटेपाशी बसणारे भावंड या टप्प्यावर स्वतःच उपचार होते. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानेही जवळच्या नातलगांत भाऊ आणि बहीण यांना स्थान दिले. मूत्रपिंड देणारा मात्र सज्ञान असावा लागतो. जुळणी न झालेल्या भावंडाच्या मनावर काय येते, याची विचारपूस आपल्याकडे क्वचितच होते.

पैशांच्या बाजूने मोठा फरक पडला तो २ जुलै २०१२ रोजी. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना त्या दिवशी आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि त्यात नांदेड होते. लातूरसह उरलेले राज्य २०१३ च्या नोव्हेंबरात आले. कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार मिळू लागले. २०१७ मध्ये योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. पिवळे किंवा केशरी रेशन कार्ड हा तेव्हा तिचा दरवाजा होता. शेतकरी आत्महत्याग्रस्त म्हणून ठरवलेल्या चौदा जिल्ह्यांत, ज्यांत नांदेड आणि लातूर दोन्ही आहेत, पांढरे कार्ड असलेल्या शेतकऱ्यांनाही सातबारा दाखवून लाभ घेता येऊ लागला. आजारी मुलाचे नाव कार्डावर चढलेलेच नाही, हे अनेकदा दवाखान्याच्या खिडकीवर कळते. मग थोरला रात्रीच्या बसने गावी, सकाळी तहसीलला, संध्याकाळी पुन्हा दवाखान्यात योजनेच्या आरोग्यमित्राच्या टेबलासमोर. सावकाराच्या दारापेक्षा हे हेलपाटे बरे, यात शंका नाही.

सोबत्यांवर पहिले ठळक निर्बंध आले ते हाणामारीमुळे. २०१७ च्या मार्चमध्ये धुळ्यात एका निवासी डॉक्टरला जबर मारहाण झाली, राज्यभर डॉक्टरांनी काम थांबवले आणि सरकारी रुग्णालयांत सुरक्षारक्षकांबरोबर पासची पद्धत कडक झाली: एका रुग्णामागे दोन नातेवाईक. डॉक्टरांची सुरक्षेची मागणी रास्त होती. २०२० मध्ये करोनाने दारच बंद केले. वॉर्डात कोणालाच प्रवेश उरला नाही आणि डबा फाटकाशी ठेवून भावंडे व्हिडिओ कॉलची वाट पाहू लागली. नातेवाईक नसताना पाणी पाजण्यापासून कूस बदलण्यापर्यंतची किती कामे उघडी पडतात, हे त्या दिवसांत प्रशासनाला दिसले. ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस मृत्यू झाले, त्यांत बारा नवजात होते. औषधे बाहेरून आणायला लावतात ही नातेवाईकांची जुनी तक्रार तेव्हा देशभर ऐकू गेली आणि मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली.

नांदेडमध्ये पोटाची एक सोय मात्र या सगळ्याच्या आधीपासून आहे. सचखंड गुरुद्वाऱ्याचे लंगर येणाऱ्या कोणाचीही चौकशी न करता जेवू घालते, आणि दवाखान्यातून आलेली माणसे त्या पंगतीत नेहमी असतात. रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातून जेवण मिळते ते रुग्णाला. थांबणाऱ्याचे ताट तिथे धरलेले नसते. झोपायला जागा, आंघोळीला पाणी, मोबाईल चार्ज करायला एक बोर्ड एवढ्या गोष्टी प्रत्येक मोठ्या रुग्णालयाने सोबत्यांसाठी ठेवल्या तर खर्च फार येणार नाही.

कागदोपत्री सोबत्याची दखल घेणारे एक खाते आहे, ते रेल्वेचे. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीच्या भाड्यात पूर्ण सूट मिळते आणि त्याच्याबरोबरच्या एका व्यक्तीला ७५ टक्के. त्यासाठी रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातला दाखला तिकीट काढताना दाखवावा लागतो.